सारजाबाईंनी मला मध पाजला

मी एक पिस्तूल. व्याकरणात मी नपुंसकलिंगी, आणि गेली वीस वर्षं एका बाईनं मला वागायलाही तसंच लावलं.

माझा जन्म सातासमुद्रापार एका कारखान्यात झाला. तिथून फौजेत आलो. उमेदीची वर्षं कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रांच्या खोलीत, गेली. मग माझ्याहून चकचकीत पोरं भरती झाली आणि साहेबांनी माझ्यावर 'निकामी नाही, पण जुने' असा शेरा मारला. फौजेनं काढून टाकलेला माल म्हणून मला विकायला काढलं.

मला परवान्यावर घेतलं सुभेदार बन्सी यांनी. सुभेदार म्हटलं की तुमची छाती फुगेल, पण जरा थांबा. ते शिधा खात्यातले. बंदुकीपेक्षा डाळीच्या पोत्यावर त्यांचा हात जास्त बसलेला. निवृत्त होऊन ते हर्सूलला, जेलच्या भिंतीसमोरच्या घरी आले तेव्हा फौजेनं काढलेला माल एकाच रिक्षातून दोन नग उतरला, असं मी मनात म्हणालो.

माणूस मनाचा चांगला, पण डोकं तापट. शेजारच्या सांडूची गाडी आमच्या फाटकासमोर दिसली की त्यांचा पारा चढायचा. पहिल्याच वर्षी ते मला घेऊन फाटकावर गेले आणि मला थेट सांडूच्या छातीवर रोखलं. मी तेव्हा धडधाकट होतो. चापावर त्यांचं बोट टेकलेलं होतं, ते मला अजून आठवतं. त्यांची बायको सारजाबाई मधे येऊन उभी राहिली, म्हणून त्या दिवशी सांडू वाचला.

त्यानंतर दसरा आला. सारजाबाईंनी शस्त्रपूजेला मला पाटावर ठेवलं आणि पंचामृतानं आंघोळ घातली. तलवारीला घालतात, कोयत्याला घालतात, ठीक आहे. पण या बाईंनी चमच्यानं मध थेट माझ्या पोटात सोडला. वर हळद, वर कुंकू, वर अक्षता. बाई शिवणकाम करायच्या. यंत्राच्या आत गोड गेलं की ते कसं अडून बसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

असे वीस दसरे झाले. सुभेदार माझ्या अंगाला बाहेरून तेल चोळायचे आणि फाटकावर जाऊन "गोळी घालीन!" म्हणून ओरडायचे. सांडू बिचारा निमूट गाडी काढायचा. मी आत मध गिळून गप्प. मला फार लाज वाटायची, खोटं कशाला सांगू?

यंदा सुभेदारांचा डावा गुडघा बदलला. डोळ्यांत नवी भिंगं आली, कवळीही नवी बसली. नव्या डोळ्यांनी त्यांनी मला पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की माझा घोडा हलतच नाही. मग मोबाइलवर जुन्या पिस्तुलांना नवे भाग बसवल्याचे व्हिडिओ बघणं सुरू झालं. स्वतःला जे झालं ते मलाही व्हायलाच हवं, असं त्यांनी ठरवलं.

शहागंजातल्या, बंदुका दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक उस्तादांनी मला उघडलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"सुभेदारसाब, ये पिस्तौल है या कुंकू का डिब्बा? इसके अंदर तो पूरा देवघर भरेला है!"

"आमची मंडळी लई देवभोळी," सुभेदार अभिमानानं म्हणाले.

उस्तादांनी मला धुतलं. नवी स्प्रिंग, नवा घोडा, नवा चाप, हाताला पकड यावी म्हणून रबरी मूठ. उस्तादांच्या हातात माझा घोडा पहिल्यांदा 'खट्' वाजला तेव्हा मला नाचावंसं वाटलं. घरी आल्यावर सुभेदारांनी तोच आवाज सारजाबाईंना ऐकवला. त्यांच्या हातातलं कापड खाली पडलं.

चारच दिवसांनी सांडूच्या जावयानं फाटकासमोर गाडी लावली. सुभेदारांनी माझ्यात गोळ्या भरल्या आणि नव्या गुडघ्यावर ताडताड चालत निघाले. मी मात्र घाबरलो. आता मी खरंच चालणार होतो.

"थांबा!" सारजाबाई मागून धावल्या. "आज ते खरंच सुटंल!"

"मग? आजवर काय खोटं सुटत व्हतं?"

"आजवर सुटतच नव्हतं. ईस वर्सं मीच मध घालत व्हते त्याच्यात."

सुभेदारांचा हात आपोआप खाली आला. आरडाओरडा ऐकून बाहेर आलेला सांडू म्हणाला, "वहिनी, म्हंजे ईस वर्सं मी उगंच गाडी काढत व्हतो व्हय?"

कुणी हसलं नाही. सारजाबाई रडत होत्या.

"ती जेलची भिंत दिसतीय ना? तिकडं तुमाला भेटायला यायचं वय ऱ्हायलं का माझं? रोज निजताना वाटतं, उद्या हा माणूस खुनी होईल. एक रात नीट झोप नाय मला."

सुभेदारांनी माझ्यातल्या गोळ्या काढल्या, मला पिशवीत घातलं आणि सांडूच्या जावयाला म्हणाले, "चल, गाडी काढतोच हाईस तर मला ठाण्यावर सोड."

ठाण्यात त्यांनी परवाना टेबलावर ठेवला. हवालदारानं पेन काढलं. "काका, हत्यार जमा का करताय? कारण काय लिहू?"

"बायकोला झोप लागत नाय, असं लिहा."

"असं कारण नाय लिहिता येत, काका."

"मग दुसरं नाय माझ्याकडं."

हवालदारानं शेवटी तसंच लिहिलं.

आता मी ठाण्याच्या कपाटात, गळ्यात चिठ्ठी अडकवून पडलो आहे. परवा सुभेदार सहीसाठी आले होते. घरचं कसं काय, असं हवालदारानं विचारलं. "घोरती," ते म्हणाले, "लई घोरती. आता मलाच झोप नाय." आणि मोठ्यानं हसले.

म्हणून हात जोडून सांगतो, म्हणजे हात असते तर जोडले असते, मला सोडवायला कुणी येऊ नका. स्प्रिंग अगदी नवी आहे, वाया जाईल. जाऊ द्या.