विहिरीत न बोलायचा शब्द

टोपल्यात माती

"वहिनी, हात कापतोय तुमचा," दीर म्हणाला.

"दांडा कापतोय."

"दांडा लाकडाचा आहे."

"मग लाकूड घाबरलंय. ओढा तुम्ही गपचूप."

रहाटाच्या एका दांड्याला दीर, दुसऱ्याला ती, आणि खाली, नव्या विहिरीच्या तळाशी, तिचा नवरा. टोपलं वर आलं. तिनं मूठभर माती उचलली, दाबली, बोटं उघडली. भुगा होऊन गळाली. कोरडी. तिचा जीव भांड्यात पडला. गावचं तळं आटलेलं, तळाला भेगा पडलेल्या, जनावरं चिखल चाटत उभी; आणि ही बाई माती कोरडी निघाली म्हणून सुस्कारा टाकत होती.

कारण देवळातले बाबा सांगून बसले होते. विहिरी खणणाऱ्यांच्या या घरात ज्याच्या कुदळीला पाणी लागेल, तो वर यायचा नाही. सासरा तसाच गेला होता. माणूस जन्मायच्या आधीच सगळं लिहून होतं, बाबा म्हणत, आपण फक्त पानं उलटायची. गावाला हे पटलेलं होतं.

गाव वाईट नव्हतं. उलट तिच्या नवऱ्याशी सगळे इतकं गोड वागायला लागले होते की तिला त्या गोडीचीच भीती वाटे. बांधावरून ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं, ते दारात येऊन "झालं गेलं विसरून जा" म्हणाले. न्हाव्याचा हात कधी नव्हे तो हलका झाला. आणि सुतार आला. त्याला सगळे 'अंदाजे' म्हणत, कारण तो मापपट्टी न लावता नजरेनंच माप घेई.

"तुझं फावडं झकास आहे रे," अंदाजे म्हणाला.

"आहे खरं," नवरा म्हणाला.

"नाही, म्हणजे सहज विचारतो. पुढं कुणाला देणार?"

नवरा खो खो हसला. ती हसली नाही. अंदाजेची नजर नवऱ्याच्या डोक्यापासून टाचेपर्यंत गेली आणि परत वर आली. फळी निवडताना जाते, तशी.

टोपल्यात मुरूम

"नका ना उतरू," ती सकाळी म्हणाली.

"मग कोण उतरेल? तुझा दीर? त्याला घरातल्या ओट्यावरून खाली बघितलं तरी गरगरतं."

"कुणीही उतरू दे."

"अगं, लिहिलंच असेल तर घरात बसलो तरी आढं पडेल डोक्यावर. त्यापेक्षा गावाला पाणी तरी मिळेल."

"लिहिलंय म्हणे. वाचलं कुणी?"

"बाबांनी."

"परवा बाबांनी मला सासूबाई समजून गुडघे कसे आहेत विचारलं. समोरचं माणूस दिसत नाही, आणि तुमच्या कपाळावरचं बारीक अक्षर बरं लागलं!"

तो हसला. पण हसता हसता त्याचा हात कपाळावर गेला आणि तिथलं काहीतरी पुसल्यासारखा फिरला. तेवढ्यानं ती गार पडली. गावानं मानावं, बाबांनी सांगावं, ते एक. यानंच मानलं तर वर ओढणार कुणाला?

सासू चुलीपाशी होती. ती या विषयावर कधी बोलत नसे. तिचा एकच नियम होता, सून घरात आली त्या दिवशीच सांगितलेला: विहिरीत 'सोड' म्हणायचं नाही. वर घ्यायचं तर 'ओढ'. दोर सैल हवा तर 'ढील'. खोल विहिरीत स वर येतच नाही, भिंती गिळतात. ढ पण बोथट होतो. ओढ काय, सोड काय, वर सारखंच ऐकू येतं. आणि म्हातारीनं तो शब्द विहिरीतूनच नाही, घरातूनही काढून टाकला होता. गाय खुंट्यावरून 'मोकळी कर'. भांडण 'पुरे कर'. नव्या सुनेच्या तोंडून एकदा चुकून निघाला, तेव्हा म्हातारीच्या हातातलं ताट पडलं होतं.

टोपल्यात खडक

खडक लागला तेवढे दिवस ती नीट झोपली.

टोपल्यात ओल

मूठ दाबली. उघडली. गोळा तसाच राहिला, तिच्या बोटांचे ठसे घेऊन.

तिनं तो पटकन खाली टाकला आणि वर पाय ठेवला.

"काय झालं?" दीर म्हणाला.

"काही नाही. मुंगी."

दिरानं तिच्या पायाकडं पाहिलं. कडेनं चिखल वर आला होता. बातमीला पाय फुटतात. घटकाभरात सगळं गाव विहिरीभोवती. कुणी घागर आणली नव्हती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बाबांना खुर्ची आणून दिली. अंदाजे टोपी काढून हातात धरून उभा. सासू खणलेल्या मातीच्या ढिगावर, विहिरीकडं पाठ करून बसली.

ती वाकून ओरडली, "या वर! बास झालं!"

खालून कुदळीचा घाव. मग आणखी एक. मग घावाचा आवाजच बदलला. चपाक.

टोपलं नाही

पाणी आधी फुसफुसलं, मग उसळलं. आणि त्या धक्क्यानं खडकाच्या वरचा मुरूम सुटला. ढेकळं खाली पडताना तिनं ऐकली, एकामागून एक. खालून तो ओरडला. लांब, भरडा, तळातून घुमत आलेला आवाज:

"ओऽऽड!"

ती दांड्यावर तुटून पडली. दांडा अर्धा फिरला आणि अडला. पलीकडं कुणी नव्हतं. दिरानं हात जोडले होते.

"भावजी!"

"सोड म्हणतोय तो, वहिनी." दिराच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "त्याला कळलंय. निरोप घेतोय. अडवू नका."

"ओढ म्हणतायत! ओढ!"

"सोड म्हणाला," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "मीही ऐकलं."

"लिहिलेलं आहे, पोरी," बाबा मऊ आवाजात म्हणाले. "देवाच्या हातचा दोर आपण ओढू नये."

सगळी डोकी खाली गेली. इतकी माणसं, इतके धडधाकट हात, आणि सगळे जोडलेले. तिनं दांडा छातीशी दाबून धरला. दोराला पलीकडून ओझं होतं, जिवंत, हिसके देणारं. तिचे पाय मातीत घसरत विहिरीकडं चालले. आवाज पुन्हा आला, या वेळी पाण्यानं भरलेला. आणि तिला क्षणभर, एकच क्षण, सोड ऐकू आलं. स्पष्ट. स सकट.

तीच भीती तिला पुढं जन्मभर पुरली.

मग पलीकडच्या दांड्यावर दोन हात पडले. सुरकुतलेले, शिरा वर आलेले.

"ओढ म्हणतोय," सासू म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तुझे सासरेही ओढच म्हणाले होते. मी सोडलं. ओढ, पोरी!"

दांडा फिरला.

म्हातारीच्या अंगात एवढं बळ नव्हतं. कुठून आलं कुणास ठाऊक. एक वेढा, दुसरा वेढा. मध्येच अंदाजेनं टोपी फेकली, "आयला, हे वजन काही मेलेल्याचं नाही!" म्हणत दोरालाच हात घातला. त्याच्यामागं न्हावी. दीर मात्र हात जोडूनच राहिला. कुणीतरी त्याला कोपरानं बाजूला सारलं.

काठावर आधी चिखलानं माखलेलं डोकं दिसलं. मग तो सगळा. दोराच्या फासात एक पाय, तोंडातून पाणी, कपाळ लाल चिखलानं पूर्ण झाकलेलं.

टोपल्यात पाणी

गाव मागं सरकलं. वर यायला नको होता तो माणूस खोकत होता आणि त्याच्याजवळ जायचा कुणाला धीर होईना. शेवटी सगळ्यांनी बाबांकडं पाहिलं.

बाबांनी डोळे मिटले, उघडले. "हेच लिहिलेलं होतं," ते म्हणाले.

"म्हणजे फावडं नाही मिळत," अंदाजे पुटपुटला, आणि हसावं की नाही ते न कळून इकडंतिकडं बघू लागला. मग माणसं घागरी आणायला धावली.

नवरा जमिनीवर बसून थरथरत होता. "किती हाका मारल्या," तो म्हणाला. "ऐकू येत नव्हतं का?"

दिरानं जोडलेले हात पाठीमागं नेले.

ती अजून दांड्याला धरूनच होती. बोटं पांढरी पडलेली, तळव्याची सालं निघालेली. सासू जवळ आली. तिनं सुनेच्या मुठीवर आपला हात ठेवला, आणि इतकी वर्षं त्या घरातून हद्दपार असलेला शब्द हळूच म्हणाली.

"सोड, बाई. आता सोड."

सुनेनं ऐकलं, आणि सगळं अंग दांड्यावर टाकून पुन्हा ओढायला लागली.