काम उंबरठ्यावर

मोहिनी म्हणजे आमच्या कबड्डी संघाची सगळ्यात जोरदार चढाईवाली. रविवारी समुद्रपूरला सामने, आणि तिला पाठवायचं की नाही हे तिच्या बाबांच्या, लक्ष्मणरावकाकांच्या हातात. विचारायला ती घाबरत होती, म्हणून मला पुढे केलं. कर्णधार मीच ना!

आम्ही घरी गोंडी बोलतो. मराठी मी शाळेत शिकले, आणि आता फाडफाड बोलते. तरी मोहिनीला भरवसा नव्हता.

"रुपा, तुमच्या घरासारखं दारातूनच काम नको सांगू. आधी बसजो. चहा आला का, पयले 'नाई' म्हणजो. आई आग्रह करन, मंग घेजो. कपाशीचं विचारजो. अन् उठता उठता हळूच आपलं काम काढजो."

"अन् काम राहून गेलं तं?"

"नाई राहत वं! आमच्यात सारे असंच करतात."

आमच्याकडे पाहुणा उंबरठ्यावरच कशाला आला ते सांगून टाकतो, मग निवांत बसतो. पण म्हटलं, त्यांच्या घरी त्यांची रीत.

गेले. बसले. काकूंनी चहा आणला. मी गोड आवाजात म्हटलं, "नको काकू."

"बरं," म्हणाल्या, आणि कप घेऊन चालल्या!

आग्रह कुठे गेला? पडद्याआडून डोकावणाऱ्या मोहिनीनं कपाळावर हात मारला. मी घाईनं कपाशीकडे वळले, तर काका असे खुलले! बोंडअळी, फवारणी, वेचणी... मला मध्ये घुसताच येईना. शेवटी गडबडीत "येते काका" म्हणून थेट अंगणात.

चपला घालताना आठवलं. सामने!

तशीच फिरले, उंबरठ्यावर उभी राहिले आणि एका दमात सांगितलं, "काका, मी कपाशीसाठी नाई आलती. मोहिनीले रविवारी समुद्रपूरला पाठवा. माझी माय सोबत येते, संध्याकाळच्या एसटीनं आणून सोडतो. तिच्याशिवाय आम्ही हरतो!"

काका खो खो हसले. "अवं, इतकंच होतं तं मले अळीचं काऊन सांगाले लावलं? माय संग हाय न? मंग घेऊन जा तिले." मग पडद्याकडे पाहून, "अन् तुले तोंड नाई का वं?"

पडदा खी खी करून हसला.

काकूंनी कप परत आणला. "तुही माय एकदा नाई म्हणते, तं ते नाईच असते. मले वाटलं, तुहंबी तसंच. घेतं का आता?"

"घेते," मी लगेच म्हटलं. "बिस्कीट असलं तं तेही द्या."