भंडाऱ्याची मूठ

राहू गावच्या माळावर बिरोबाचं देऊळ आहे. देऊळ तरी कसलं! चार दगडी खांब, वर पत्रा, आणि आत शेंदूर खाऊन खाऊन गुळगुळीत झालेला दगड, देवाचा तांदळा. खाली उसाचे हिरवेगार मळे, वर बोडका माळ, आणि मधोमध देव असा बसलेला, जसा काही सांजची मेंढरं कधी परततात याची वाट बघतोय. मेंढरं आता उरली नव्हती. भैरू आबाच्या धनगर घरानं काठी खाली ठेवून नांगर धरला त्याला एक पिढी झाली होती. देव मात्र वाट बघायचा थांबला नव्हता.

त्या रविवारी दुपारी याच देवळात आबाच्या नातीचा, नकुशीचा, कौल लावायचा होता.

कौल म्हणजे देवाला विचारणं. ओल्या तांदळ्यावर उजवीकडं एक आणि डावीकडं एक फूल चिकटवायचं, मनातलं बोलायचं आणि बसून राहायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पण आबाच्या घराण्याची यात एक जास्तीची रीत होती. ज्याच्यासाठी कौल, त्यानं आधी आपल्या हातानं देवावर भंडारा उधळायचा. त्याची मूठ सुटल्याशिवाय देव ऐकत नाही. आणि एकदा मुठीत घेतलेली हळद पुन्हा थैलीत टाकायची नाही, भुईवर पडू द्यायची नाही.

आबानं नातीच्या उजव्या तळव्यावर भंडारा ठेवला. तिनं मूठ मिटली. आणि मग ती मूठ उघडेचना.

"टाक की गं," साळूआत्या म्हणाली. आत्या शिरूरहून आदल्या दिवशीच आली होती, अंगावर ठेवणीतलं लुगडं, तोंडात तंबाखूचा बार आणि पोटात एकच गोष्ट. भावाच्या पोरीवर बहिणीचा पहिला हक्क, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिचा संपत कारेगावात खोली करून राहत होता, कंपनीत परमनंट झाला होता. आता सून हवी होती, आणि तीही घरातलीच.

नकुशीच्या डोक्यात मात्र पुणं होतं.

तीन वर्षं तिनं दौंडच्या कॉलेजात बी.ए. केलं. सकाळी एस्टीनं केडगाव, तिथून रेल्वेच्या शटलनं दौंड, येताना तसंच उलटं. त्या धावपळीत एका दुपारी वर्गात तहाची कलमं चालली होती, आणि हिच्या मनात भलतंच काही येऊन बसलं. किल्ले कळले, राजे कळले, कोण कुणाशी लढलं तेही कळलं. पण गडावर लोणी कुणी नेलं? पहारेकऱ्यानं थंडीत पांघरली ती घोंगडी कुणाच्या मेंढरांची? ती मेंढरं कुठल्या वाटेनं कोकणात उतरायची आणि कुठल्या पाणवठ्यावर परत यायची? पुस्तकात त्याची एक ओळ नव्हती. आबाच्या ओव्यांत मात्र पाणवठ्यांची नावं माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली होती. कुरकुंभच्या माळाचंही नाव होतं. तिथं आबाच्या मेंढरांचा वाडा, म्हणजे तळ, बसायचा. आता तिथं केमिकलच्या कंपन्या उभ्या होत्या, आणि त्यातल्याच एका कंपनीत नकुशीचा बाप, बाळासो, शिफ्टला जायचा. बापानं ज्या माळावर मेंढरं बसवली, त्याच माळावर लेक गेटपास दाखवून आत जातो! आणि हे कुणी लिहून ठेवलेलं नाही! हिला राहवलं नाही. दौंडात पुढं इतिहास नव्हता. पुण्याच्या विद्यापीठात एम.ए.ला प्रवेशाची परीक्षा होती. गेली, दिली, नाव लागलं. सोमवारी हजर व्हायचं होतं. फीची सवलत होती, हॉस्टेल होतं, त्यामुळं पैशाचं कारण कुणाला पुढं करता येईना. मग देवाला पुढं केलं.

"टाक ना," बाळासो म्हणाला. रात्रपाळी करून तो तसाच माळावर आला होता. डोळे लाल, अंगाला कंपनीचा वास. "देव म्हनला जा, तर जा. न्हाई म्हनला, तर शिरूरची गाडी. माझी ना न्हाई."

"तुमची ना न्हाई, मग देवाला कशाला तरास, आप्पा?"

"त्वांड बघा हिचं! डी.एड. कर म्हनलं व्हतं, ते न्हाई ऐकलं. आज मास्तरीण झाली असतीस."

आत्या खांबाला टेकून हसली. "अगं बाई, मेलेल्या राजांची लफडी शिकून तू करनार काय?"

"जिवंतांची शिकून झाली, आत्या. तीन वर्सं शटलनं गेले मी."

तानुबाई, नकुशीची आई, पायरीवर बसली होती. ती पदराआड फस्सकन हसली आणि नवऱ्यानं बघितल्यावर खोकली.

आबांची तयारी झाली होती. तांदळ्याला पाणी घातलेलं, फुलं चिकटवलेली. पांढऱ्या कण्हेरीची दोन फुलं, उजवं ताठ, डावं जरा झुकलेलं. नकुशीनं ते झुकलेलं फूल बघितलं होतं. तिला भीती वाटली का? वाटली तर. ती काही देव न मानणाऱ्यांतली नव्हती. परीक्षेला जाताना तिनं याच दगडावर डोकं टेकलं होतं. आणि म्हणूनच तिला पक्कं ठाऊक होतं, की डावं फूल पडलं तर आपला पाय या माळाखाली उतरायचा नाही. मूठ उघडली की गोष्ट हातची गेली.

तळव्याला घाम सुटला. हळद ओली झाली.

"मल्हार कारेगावला कामाला गेला," ती म्हणाली. मल्हार तिचा धाकटा भाऊ. "तवा कौल लावला व्हता का?"

"पोराचं येगळं," बाळासो म्हणाला.

"आप्पा, तुम्ही कुरकुंभला लागला, तवा?"

"आगं, प्वाट व्हतं म्होरं. इचारायचं काय त्यात?"

"तेच म्हनते मी."

आत्यानं बार थुंकला आणि आवाज मऊ केला. आवाज मऊ केला की साळूआत्या जास्त धोक्याची, हे सगळ्या घराला माहीत होतं. "पोरी, मी काय तुजी वैरीन हाय का? बारशाला मांडीवर घेऊन तुज्या कानात नाव मीच सांगितलं. मी तुला हवी म्हनून न्यायला आले. अशी दारात चालत आलेली सासू कुनाला भेटती?"

नकुशी तिच्याकडं वळली. आवाज चढवला नाही. तिसरी पोर झाली, आता पोरी नकोत, म्हणून याच आत्यानं त्या कानात 'नकुशी' असं नाव कुजबुजलं होतं. ते नाव घेऊन ती शाळेत गेली, कॉलेजात गेली. हजेरीला पोरं हसली तेव्हा 'हजर' म्हणताना तिनं आवाज मोठा करायची सवय लावून घेतली.

"नाव तुम्हीच ठेवलंत, आत्या. नको म्हनून. त्याचा मला राग न्हाई, त्या नावानंच मी बी.ए. झाले. पर एकवीस वर्सं नको व्हते, आन् पुण्याला नाव लागलं त्याच आठवड्यात हवी झाले. ह्ये कसं?"

आत्यानं पदर झटकला आणि भावाकडं बघितलं. 

"बास!" बाळासो उठला. "म्हाताऱ्या मानसाला उलटं बोलतीस? आबा, तुम्ही सांगा हिला. देवापुढं मूठ मिटून बसायची रीत कुठली?"

सगळ्यांनी आबाकडं बघितलं. भैरू आबा म्हणजे पंचक्रोशीतला ओवीचा गळा. देवाच्या जत्रेत ढोल घुमायला लागला की लोक म्हणायचे, आता आबा सुंबरान मांडणार, ओवीतून देवाला हाक घालणार, आता देवाला ऐकावंच लागणार. त्या माणसाच्या शब्दापुढं या घरात कुणाचा शब्द नव्हता.

"नकुशे," आबा म्हणाले, "भंडारा टाक. मग जे पडंल ते पडंल."

 आप्पांना उत्तर देता येतं, आत्याला देता येतं. आबांना कसं द्यायचं? लहानपणी याच माणसाच्या घोंगडीत बसून तिनं ओव्या ऐकल्या होत्या. झोप येईपर्यंत पाणवठे मोजले होते.

आणि मग तिला उत्तर त्या घोंगडीतच सापडलं. तिनं डोळे मिटले आणि हळू आवाजात, आबांच्याच चालीवर म्हटलं:

"दोन वाटा फुटल्या गा, तिथं देवाला पुसावं,
एक वाट चालत्यानं कशापायी गा बसावं?"

पत्र्याखाली आवाज घुमला. पोरीबाळींनी देवळात ओवी म्हणायची रीत नव्हती. पण ओवी तोंडातून सुटली की ती मागं घेता येत नाही. आबांची मान नकळत हलली. पन्नास वर्षांची सवय, चाल ऐकली की मान हलणारच.

"ही तुमचीच ओवी, आबा. वाडा घेऊन निघालं, वाटंला फाटा फुटला, कुठं वळावं कळंना, तर धनगरानं कौल लावावा. तुम्हीच सांगितलं मला. पर माज्यापुढं फाटाच न्हाई. मी फाट्यावर उभी न्हाई, आबा. मी वाटंला लागलेय. मग देवाला खोटंच कसं इचारू, की देवा, काय करू? त्यो बिरोबा हाय. त्याला कळंल न्हवं, की ही ठरवून आलीया."

वारा आला. डावं फूल थरथरलं, पण पडलं नाही. ते पडलं असतं तरी आता त्याला अर्थ नव्हता. मूठ मिटलेली होती, आणि मुठीशिवाय कौल नाही.

आबा उठले. मग त्यांनी पुढं होऊन, स्वतःच्या बोटांनी, दोन्ही फुलं काढली आणि देवाच्या पायाशी ठेवली.

"आबा!" बाळासो ओरडला.

"ओरडू नगंस. अडलेल्याचा कौल लागतो, चालत्याचा लागत न्हाई. ओवी माजी हाय. मलाच मोडता येत न्हाई."

"म्हंजी देव जा म्हनला?" आत्यानं विचारलं.

"देव काय बी म्हनला न्हाई," आबा म्हणाले. "मी बी न्हाई."

"मग आता हो?"

"मग मी जाते," नकुशी म्हणाली.

मुठीतला भंडारा तिनं ओढणीच्या टोकाला बांधला आणि माळ उतरली. मागून आप्पा काहीतरी बोलत राहिले. तिनं मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय थांबले असते, हे तिला माहीत होतं.

घरी आली तर पत्र्याची पेटी भरून तयार. तानुबाई नंतर आली, आणि पेटीकडं न बघताच चूल पेटवायला बसली.

"आये, ही कवा भरलीस?"

"सकाळी. भाकरी थापायच्या आधी."

"आन् फूल डावं पडलं असतं तर?"

"तर उपसली असती," आई म्हणाली. "उपसायला काय लागतंय? भरायलाच येळ लागतो."

सोमवारी सकाळी बाळासो पहिल्या पाळीला निघून गेला होता.  पेटी मात्र त्यानं दारातून उचलून सायकलवरून एस्टीच्या फाट्यावर नेऊन ठेवली होती, हे नकुशीला फाट्यावर गेल्यावरच कळलं. पेटीच्या कडीला त्याचं कंपनीचं फडकं गुंडाळलेलं होतं. हाताला कडी काचू नये म्हणून.

पेटीजवळ आबा उभे होते. खांद्यावर घोंगडी, डोक्याला स्वच्छ पांढरा फेटा.

"मी व्हय म्हनलो न्हाई," आबा म्हणाले.

"मी इचारलं न्हाई, आबा."

"माजी ओवी माज्याच अंगावर घातलीस."

"तुमच्या अंगावर न्हाई. पुण्यात नेते. तिथं सांगते, हे पाणवठे हायत, आन् ते ठावं असलेला माणूस अजून हाय. सुट्टीला येईन तवा सगळी वाट पहिल्यापासनं म्हना. मी लिहून घेते."

आबांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली. लांब वळणावर एस्टीचा धुरळा दिसला. "मूठ कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

तिनं ओढणीची गाठ सोडली. हळद वाळून पुन्हा मोकळी झाली होती.

"वाडा हलायचा, तवा थोरल्यानं भंडारा उधळायचा," आबा म्हणाले. "पर आता माजा हात वर जात न्हाई."

नकुशीनं भंडारा मुठीत घेतला, आणि या वेळी ती मूठ उधळायला उघडली. वाटेवर नाही, एस्टीवर नाही. तिनं तो सगळाच्या सगळा आबांवर उधळला. फेट्यावर, घोंगडीवर, मिशांवर.

"आगं, कालच धुतलाय!" आबा ओरडले, आणि मग पिवळ्या मिशांत हसले.

गाडी थांबली. आबांनी पेटीला खालून हात लावला. कंडक्टरनं डबल बेल दिली, आणि पिशवीत हात घालून विचारलं, "कुठं?"

"विद्यापीठ."

"ही स्वारगेटपत्तरच जाती."

"द्या स्वारगेट," नकुशी म्हणाली, आणि तिकिटासाठी पिवळाजर्द तळवा पुढं केला. "तिथनं फुडं मी बघते."