उघडा पट्टा

इन्स्पेक्टर साहेब, तुम्ही खोटं लिहिलं. जीपमधून आलात, धरणगावच्या आमच्या जिनिंग कारखान्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि नेमकं उलटं लिहिलं. मी कौतिक, तिथला फिटर. शाळा चौथीपर्यंत, पण तुमचं अक्षर मला लागतं.

खंडेनवमीला आम्ही यंत्रं पुजतो. पट्ट्यांवरच्या लोखंडी जाळ्या काढून धुतो, रंगवतो, चाकांना कुंकू लावतो. मग हंगाम सुरू होतो, कापसाच्या गाड्या दारात लागतात आणि जाळ्या गोदामातच राहतात. जाळी असली की अडकलेली रुई काढायला वेळ जातो, म्हणून मॅनेजरलाही त्या नकोच. तुम्ही येणार कळलं की तेवढ्यापुरत्या बसवायच्या, पाहुण्यांपुढं नवी चादर अंथरावी तशा. दहा वर्षं त्या मीच बसवत आलो. हे पाप माझंही आहे.

यंदा, सत्त्याऐंशी साली, सोमवारी बेबाबाईचा पदर पट्ट्यात गेला. सरकी काढायच्या रेच्यात कापूस टाकता टाकता ती ओढलीच गेली. लुगडं जुनं होतं, टरकन फाटलं, म्हणून बाई वाचली. मॅनेजर हसून म्हणाला, जुनीच लुगडी नेसत जा.

गुरुवारी तुम्ही यायचे होते. मी पाना घेऊन गोदामात गेलो, तर बेबाबाई जाळ्यांवर फतकल मारून बसलेली.

"कौतिकभाऊ, आज झाकू नको. देखू दे साहेबले. मना पदर गया, उद्या हात जाई."

मी पाना खिशात टाकला. मॅनेजर तुमच्यासाठी फाटकात हार घेऊन उभा होता, त्याला पत्ताच नाही. तुम्ही नाकाला रुमाल लावून आत आलात. बेबाबाईनं फाटका पदर तुमच्यापुढं धरला आणि उघड्या पट्ट्याकडं बोट केलं. तुम्ही पाहिलं. मान हलवली.

जीप गेली आणि जिनाचं लग्नघर झालं, साहेब. झुंबरबाईनं गूळ वाटला. बेबाबाईला म्हणाली, तुझं लुगडं सरकारदरबारी गेलं, आता तुला पैठणीच येते बघ. कामावरच्या अठरा बाया हसून हसून वाकल्या.

आज मॅनेजरनं तुमचा शेरा मोठ्यानं वाचून दाखवला. सर्व पट्ट्यांवर जाळ्या बसवलेल्या आढळल्या. मी म्हणालो, मग आता तरी बसवू द्या.

"सरकारी कागदावर बसल्यात ना? परत कशाला बसवतो?"

मी मोटारीचं बटण बंद केलं. सगळे पट्टे थांबले. अठराही बाया फाटकात बसल्यात, गाड्यांची रांग पार चौकापर्यंत गेलीय, कुणी हटत नाही. मॅनेजर म्हणतो, उद्या दुसऱ्या बाया आणतो. त्यांनाही पदर आहेत, साहेब. हात आहेत.

त्या बाया पट्ट्याशी उभ्या राहायच्या आत सांगा. गुरुवारी तुम्हाला जाळी दिसली होती का? हो की नाही?