लेखकास सर्व ठाऊक आहे

पुण्याच्या प्रकाशकाने अनंत रिसबूडची कादंबरी दुसऱ्यांदा परत केली, त्या दिवशी तो एसटीने सांगलीला परतत होता. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. उतारू खाली उतरले आणि अनंत रस्त्याकडेच्या उसाकडे बघत उभा राहिला. सगळा ऊस पिवळट, पण मधला एक तुकडा काळाभोर आणि माणसाहून उंच.

"तिथं जुनी विहीर व्हती," शेजारचा उतारू म्हणाला. "बुजवली."

गाडी सुरू झाली तरी अनंतच्या डोक्यातून ते जाईना. नुकताच एवढा मोठा दुष्काळ होऊन गेला. लोकांनी घोटभर पाण्यासाठी मैल तुडवले. अशा मुलखात विहीर कोण बुजवतं? आणि का?

अनंत सांगलीजवळच्या माधवनगरला गिरणीच्या कचेरीत कारकून होता. पहाटे उठून, गिरणीचा भोंगा होईपर्यंत तो लिहीत असे. विहीर मिळाली, पण तिच्यात काय आहे ते त्याला कितीतरी दिवस उमगेना. मग एकदा सातारच्या स्टँडवर त्याने रजा संपवून निघालेला एक जवान पाहिला. टपावर चढवलेल्या काळ्या ट्रंकेकडे त्याची आई मान वर करून बघत होती, मुलाकडे बघायचं धैर्य नसल्यासारखी. अनंत घरी आला आणि सरळ लिहायला बसला. एकाहत्तरच्या लढाईच्या आधी रजेवर आलेला जवान, तार येते, धाकटा भाऊ त्याला फाट्यापर्यंत पोचवायला जातो, जवान पलटणीत पोचतच नाही. जमिनीसाठी भावानेच त्याला विहिरीत ढकललेलं असतं. ट्रंक घरीच राहते आणि आई ती कुणाला उघडू देत नाही. आईचं प्रकरण लिहिताना अनंतचे डोळे भरून आले होते.

'बुडालेली मोट' ही नवी कादंबरी त्याने पुण्याला पाठवलीच नाही. कागदाची टंचाई होती, तरी सांगलीतल्या एका छोट्या छापखान्यात खेटे घालून त्याने ती स्वतः छापून घेतली. मुद्रितं बायकोने, शरयूने, तपासली. 'मिळण्याचे ठिकाण' म्हणून पहिल्या पानावर घरचाच पत्ता घातला. दुसरा होताच कुठे?

पण पुस्तक कुणी हातात घेईना. दुकानदार म्हणत, ठेवून जा, बघू. शेवटी अनंतने हँडबिलं काढली आणि मजकूर स्वतःच लिहिला:

'सातारा जिल्ह्यात घडलेली सत्य हकीकत! लढाईला बोलावलेला जवान घरातून निघाला, तो पोचलाच नाही. तो कुठे आहे? लेखकास सर्व ठाऊक आहे!'

शरयूने वाचून विचारलं, "तुम्हाला काय ठाऊक आहे हो?"

"काहीच नाही. पण वाचणाऱ्याला तसं वाटलं पाहिजे."

"हे बरं दिसत नाही."

"पुस्तकं खपायला लागली की दिसेल बरं."

आणि खपायला लागली. सांगलीच्या थेटरात मध्यंतराला त्याच मजकुराची स्लाइड झळकली. गिरणीतले लोक थांबवून विचारू लागले, "रिसबूड, खरंच का हो?" अनंत नुसता हसे. असं गूढ हसायला त्याला फार आवडू लागलं होतं.

एका रविवारी तो सातारला गेला. स्टँडसमोर एका लॉजवाल्याकडून टेबल मागून घेतलं, त्यावर पुस्तकं मांडली आणि मोठ्याने एक उतारा वाचला. घोळका जमला, काहींनी पुस्तकं घेतली. घोळका पांगला तरी एकजण उभाच होता. चाळिशीच्या आतला, रापलेला, डोक्याला पांढरी टोपी. हातात हँडबिल, घडी घालून घालून मऊ झालेलं.

"हे तुमी लिवलंय?"

"हो, मीच."

"सगळं ठावं हाय म्हंता."

"त्याशिवाय का लिहिलंय?"

"कुनी सांगितलं?"

अनंतने ते सवयीचं हसू हसून म्हटलं, "लेखकाला आपलं गुपित राखावं लागतं, पाहुणे."

माणसाने पुस्तक घेतलं, कडुनिंबाखाली जाऊन उभ्याउभ्याच वाचू लागला. अनंत इतर गिऱ्हाइकांत गुंतला. बऱ्याच वेळाने मान वर केली तर तो माणूस टेबलाला टेकून उभा होता. चेहरा राखेसारखा झाला होता.

"ट्रंकचं बी म्हाईत हाय तुमास्नी," तो म्हणाला. तो प्रश्न नव्हता.

पहिल्या पानावरच्या पत्त्यावर बोट ठेवून त्याने तो हळूहळू, पाठ करत वाचला. मग पुस्तक बंडीच्या आत घालून तो निघून गेला.

अनंतचं हसू तिथेच संपलं. परतीच्या गाडीत तो खिडकीपासून लांब बसला. कऱ्हाड येईपर्यंत त्याने स्वतःची समजूत घातली: एखादा भाबडा वाचक, दुसरं काय?

पुढच्या आठवड्यात वाईच्या एका वाचनालयाने त्याला दुपारी बोलावलं होतं. पंधरावीस श्रोते, समोर पाण्याचा तांब्या. 'मला ही कादंबरी कशी सुचली' यावर बोलायला तो उठला आणि शेवटच्या बाकावर त्याला ती पांढरी टोपी दिसली. विहीर, ऊस, एसटी, एवढंच कसंबसं सांगून त्याने भाषण आटोपलं. गाडीला वेळ होता म्हणून तो घाटावर गेला. बायका धुणी धूत होत्या, देवळात घंटा वाजत होती. माणसांत असलेलं बरं, असं त्याला वाटत होतं. पायरीवर बसतो न बसतो तोच तो माणूस शेजारी येऊन बसला. इतका जवळ, की त्याच्या अंगाचा मातीचा वास आला.

"तुमी त्याला मेला म्हून लिवलंय," तो नदीकडे बघत म्हणाला. "आता मेलाच ऱ्हाऊ द्या. ह्याच्या म्होरं कुनाला येक सबूद बोलू नगा."

"अहो, पण मी..."

"हात जोडतो तुमास्नी." त्याने खरोखरच हात जोडले. त्या हातांच्या शिरा दोरखंडासारख्या होत्या. माणसाला विहिरीत ढकलायला असे हात पुरेत.

माणूस उठून गेला तरी अनंतला उठवेना. आपण मनाने रचलेला खून खरा होता. करणारा आत्ता शेजारी बसून गेला होता, आणि त्याच्याजवळ आपल्या घरचा पत्ता होता.

घरी येऊन त्याने शरयूला सगळं सांगितलं. तिने पहिल्यांदा दाराला कडी घातली.

"पोलिसांत जा."

"जाऊन काय सांगू? मी खोटा खून लिहिला आणि तो खरा निघाला?"

"तेच सांगा."

दुसऱ्या दिवशी कादंबरी काखेत मारून तो पोलीस ठाण्याच्या फाटकापर्यंत गेला. मृताचं नाव काय? माहीत नाही. गाव कुठलं? माहीत नाही. खुनी कोण? पांढरी टोपीवाला. फौजदार हँडबिल पुढे धरून विचारणार, 'तुम्हाला तर सर्व ठाऊक आहे ना?' तो फाटकातूनच माघारी फिरला.

मग भीती घरात राहायलाच आली. पहाटे उठून लिहिणं बंद झालं. दिवा लावला की आपण बाहेरून दिसतो, असं वाटे. दारावर थाप पडली की दोघं एकमेकांकडे बघत. सायकलवरून कचेरीत जाताना तो पांढऱ्या टोप्या मोजत जाई आणि अर्धी सांगली पांढऱ्या टोप्या घालते, हे त्याला तेव्हाच कळलं.

एका संध्याकाळी तो घरी आला तर उंबऱ्याबाहेर मोठ्या, धुळीने माखलेल्या वहाणा होत्या. आतून शरयूचा आवाज आला, "हे आलेच बघा." सायकल भिंतीला टेकवायचंही भान न राहता अनंत आत धावला. तो माणूस सतरंजीवर बसला होता. पुढ्यात चहा तसाच. शरयूने त्याला कधी पाहिलं नव्हतं. पुस्तकासाठी आलोय, असं त्याने सांगितलं होतं.

"शरयू, तू आत जा," अनंत म्हणाला. आवाज चिरकला. ते ऐकून काय ते शरयू समजली. पण आत गेली नाही. दाराला पाठ लावून उभी राहिली.

"कुठं गेला त्यो?" माणसाने विचारलं.

"कोण?"

"नाथाजी. माझा थोरला भाऊ. कुठं घालवलासा त्याला?"

अनंतला काही कळेना. "तुम्ही... तुम्हीच त्याला..." विहीर हा शब्द त्याच्या तोंडून निघेना.

"अहो, ते सगळं खोटं आहे!" शरयूच एकदम बोलली. "ह्यांनी मनाने लिहिलंय. ते हँडबिलसुद्धा खोटं. पुस्तकं खपावीत म्हणून. ह्यांना काही म्हणता काही ठाऊक नाही."

माणूस आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला.

"समदं खोटं? तार आली, मी फाट्यापोत्तर गेलो, ते बी? आई ट्रंक उघडू देत न्हाई, ते?"

"तार तेव्हा घरोघर आली होती," अनंत म्हणाला. "ट्रंकही घरोघर असते. मी एक आई पाहिली होती स्टँडवर. बाकीचं... सुचलं."

माणसाचे खांदे खाली आले. एवढा मोठा माणूस तोंडाला टोपी लावून रडू लागला. शरयूने पाणी आणून दिलं. मग तो थांबत थांबत बोलला.

त्याचं नाव केरबा. गाव खंडाळ्याच्या बाजूचं, घरटी एक माणूस लष्करात. एकाहत्तर साली नाथाजी रजेवर आला होता. आधीच्या लढाईत त्याने काय बघितलं होतं कोण जाणे. रोज पहाटे ओरडून उठायचा. तार आली. फाट्यावर गाडी आली आणि नाथाजीने केरबाचे पाय धरले. मला धाडू नगंस.

"थोरल्या भावानं पाय धरलं माझं," केरबा म्हणाला. "काय करनार मी? दुसऱ्या गाडीत बसवला आन् हितं आनला. तुमच्या माधवनगरात. नाव बदलून यंत्रमागावर कामाला लागला. आईला सांगितलं, लढाईवर गेला. पलटनीचं लोक घरी येऊन गेलं, पळपुटा म्हनलं. गावानं आमच्याशी बोलनं टाकलं. पन आई म्हनती, माझं पोर पळनारं न्हाई. मी तिच्या म्होरं बसून ऐकतो, रोज."

"आणि आता?" शरयूने विचारलं.

"गेल्या हप्त्यात नाथाजी थेटरात गेलता सांगलीला. मधी ते तुमचं आलं, पडद्यावर. जवान कुठं हाय, लेखकाला ठावं हाय. तसाच उठला, बरोबरचा गडी सांगत व्हता. खोलीवर बी गेला न्हाई. कुठं गेला, मला बी म्हाईत न्हाई आता."

अनंत भिंतीला टेकून खाली बसला. इतके दिवस तो ज्या माणसाला भीत होता, तो माणूस त्यालाच भीत होता. आणि नाथाजी, ज्याचं तोंडही अनंतने पाहिलं नव्हतं, तो हँडबिलाच्या चार ओळींना भिऊन परागंदा झाला होता. आता अनंतला जी भीती वाटली ती निराळी होती. एखाद्या विहिरीच्या काठावर त्या माणसाचे कपडे सापडले तर?

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो छापखान्यात गेला. मालकाला वाटलं, दुसरी आवृत्ती. अनंतने मजकूर पुढे केला:

'बुडालेली मोट ही कादंबरी संपूर्ण काल्पनिक आहे. अशी घटना कोठेही घडलेली नाही. पूर्वीची जाहिरात खोटी होती. लेखकास काहीही ठाऊक नाही. — अनंत रिसबूड.'

"वेड लागलंय का? पुस्तक मरेल की हो."

"छापा."

थेटरातली स्लाइड बदलली. लोक हसले, कुणी शिट्ट्या मारल्या. कचेरीत चेष्टा झाली. रजा टाकून अनंत हिंडू लागला; कधी केरबाबरोबर, कधी एकटा. मिरज, कुडची, जयसिंगपूर. गुऱ्हाळांवर, धर्मशाळांत, हमालांच्या अड्ड्यांवर तो स्वतःच्या खोटेपणाची हँडबिलं वाटी. पुस्तक खपवताना जितका घसा कोरडा केला नव्हता तितका त्याने आता केला: "घ्या, वाचा, लेखकाला काही ठाऊक नाही!" विहिरीजवळ गर्दी दिसली की तो थबके. दोनदा तो अशा गर्दीत घुसला. एकदा म्हैस पडली होती; एकदा नुसता पोहरा.

मिरज स्टेशनात एका दुपारी त्याने हात पुढे केला आणि एका हडकुळ्या, दाढी वाढलेल्या माणसाने हँडबिल घेतलं. खांद्यावर पोतं, पण उभा होता काठीसारखा ताठ. त्याने मजकूर वाचला. पुन्हा वाचला.

"ह्यो लेखक कोन?"

"मी."

माणूस मागे सरला. अनंत मात्र हलला नाही. एक पाऊल टाकलं तर तो पळेल, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

"खरंच काय ठावं न्हाई तुमास्नी?"

"नाही. देवाशपथ नाही. मी तुम्हालाही ओळखत नाही."

माणूस त्याच्याकडे बघत राहिला. मग हँडबिलाची बारीक घडी घालून त्याने ती कनवटीला लावली आणि गर्दीत शिरला. केरबाचं नाव अनंतच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. कुठल्या गाडीत चढतो ते दिसू नये म्हणून तो पाठ फिरवून उभा राहिला, घामाने भिजून, समोरच्या भिंतीकडे बघत. गाडीची शिट्टी झाली आणि फलाट ओस पडला, तेव्हाच तो वळला.

श्रावणात केरबा आला. या वेळी दारातूनच त्याने हाक मारली, "वैनी, हाय का घरात?" गुळाची ढेप त्याने उंबऱ्याच्या आत ठेवली. अनंत बाहेर आला.

"गावला," केरबा म्हणाला. "निरोप धाडला त्यानं. जित्ता हाय. काम बी मिळालंय. आईला अजून सांगितलं न्हाई. सांगीन. धीर व्हत न्हाई."

"कुठे आहे आता?"

सहज तोंडातून निघून गेलं. केरबाचा चेहरा एकदम बंद झाला, सातारच्या टेबलापाशी झाला होता तसा. अनंतने घाईने दोन्ही हात पुढे केले.

"नको, नको. सांगू नका. मला नकोच ते."

शरयूने चहा आणला. तिघांनी तो घेतला. मग पावसाची सर थांबल्यावर अनंत केरबाला स्टँडपर्यंत पोचवायला गेला.