पाचवीच्या ताटातली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे खरी, पण शिंप्याची किंवा न्हाव्याची समजून मला बाजूला सारू नका. मी बाळाची नाळ कापणारी कात्री. या पंचक्रोशीत जी माणसे तुम्हाला शेतात राबताना, बाजारात घासाघीस करताना दिसतात, त्यांतल्या कितीतरी जणांची आईपासून पहिली ताटातूट मीच केली. त्याबद्दल आजवर कोणी माझ्यावर रागावलेले नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पोलाद तापवले, ठोकले, घासले आणि माझी पाती अशी लखलखीत झाली की मी तोऱ्यातच आले. हैदराबादच्या काही सुखवस्तू बायकांनी मंडळ काढून खेड्यातल्या दवाखान्यांना सामान द्यायचे ठरवले होते. त्यांच्या पेटीत मी पडले. माझ्यासोबत उकळायचे झाकणाचे भांडे, दोन तसराळी आणि बाळ तोलायचा काटा होता. कात्री मात्र मी एकटीच. आगगाडीने आम्ही जालन्याला उतरलो आणि बैलगाडीत धक्के खात मंठ्याच्या वाटेवरच्या एका गावात पोहोचलो. तेव्हा निजामाचे राज्य होते, साल १९३३.

चावडीमागच्या दोन खोल्या म्हणजे तिथला दवाखाना. नर्स द्वारकाबाईंनी पेटी उघडली, एकेक वस्तू हातात घेतली आणि पदराने डोळे टिपले. "आता एकही लेकरू हकनाक जाऊ देणार न्हाई," त्या म्हणाल्या.

पण लेकरू यायला तर हवे! वर्षभर एकही बाई बाळंत व्हायला दवाखान्याची पायरी चढली नाही. बाळंतपणे घरीच होत. सुईण आसराबाई येई, घरातल्या विळ्याने नाळ कापी आणि वर गोवरीची राख लावी. मी कपाटात चकाकत पडून होते. एकदा कंपाउंडरने मला मिशी कातरायला उचलले, तर द्वारकाबाईंनी त्याला असे फैलावर घेतले की बिचारा महिनाभर वाढलेल्या मिशीनेच फिरला. तेवढीच काय ती करमणूक.

त्याच वर्षी रायभान नावाच्या शेतकऱ्याच्या बायकोचे, चतुराबाईचे, दुसरे बाळ गेले. पहिलेही असेच गेले होते. जन्मताना धडधाकट, आणि सातव्या दिवशी दूध पिणे बंद, जबडा घट्ट, अंग ताठ. सटवाईने कपाळी तेवढेच लिहिले होते, असे गाव म्हणाले. द्वारकाबाई म्हणाल्या की हा धनुर्वात, आणि तो त्या विळ्यातून आणि राखेतून येतो.

चतुराबाईला पुन्हा दिवस गेले तेव्हा द्वारकाबाई मला रुमालात गुंडाळून तिच्या घरी गेल्या. चतुराबाई कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती. सासू सोनूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "विळा न्हाई वापरला, तर मंग पाचवीला काय पुजावं?"

मित्रांनो, इथेच सगळी गाठ होती. बाळाच्या पाचव्या दिवशी सटवाई त्याचे नशीब लिहायला येते, अशी इथल्या बायकांची श्रद्धा. त्या दिवशी नाळ कापलेले हत्यार ताटात ठेवून पुजायचे, मग बाळाच्या उशाशी ठेवायचे. दवाखान्याची कात्री दवाखान्यातच राहणार, मग ताटात काय ठेवायचे? वर्षभर द्वारकाबाई रोगाबद्दल सांगत होत्या आणि बायकांचा जीव पाचवीत अडकला होता. हे एकमेकींना कधी कळलेच नव्हते.

सुईण आसराबाई तिथेच बसली होती. तिने मला उलटसुलट करून पाहिले. "बाई, हीच कात्री ताटात ठेवली तर?"

"बिलकुल ठेवा," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण कापायच्या आधी ही उकळायची. आणि ते काम तुम्हीच करायचं, आसराबाई."

"किती वेळ? मला काय तुमचं घड्याळ समजत न्हाई."

"शेरभर ज्वारी दळायला लागतो तेवढा."

"मंग जमतंय की!"

हस्ताच्या पावसात एका दुपारी चतुराबाई बाळंत झाली. पाणी खदखदत होते, मी आत उड्या मारत होते आणि आसराबाई जात्यावरची गाणी म्हणत वेळ मोजत होती. बाळ रडले. मी एकदाच मिटले. ज्यासाठी जन्मले होते ते काम एका क्षणात झाले आणि मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. राख कोणी आणली नाही. उकळलेल्या फडक्याची घडी नाळेवर बसली.

पाचवीला सकाळी द्वारकाबाईंनी मला शब्दाप्रमाणे पोहोचते केले. दिवेलागणीला सोनूबाईंनी माझ्या चकचकीत पात्यांना हळदकुंकू फासले. खरे सांगते, मला आधी किळस आली. मग त्या म्हातारीने माझ्यापुढे कपाळ टेकले आणि माझा सगळा तोरा उतरला.

दुसऱ्या दिवशी मला परत जायचे होते. पण सोनूबाईंनी मला उतरंडीच्या तळच्या मडक्यात लपवले. "दहावा दिवस सरल्याबिगर कात्री घराबाहेर जाणार न्हाई," त्यांनी निरोप धाडला. आधीची दोन नातवंडे सातव्या दिवशी गेलेली. त्यांना बोल तरी कसा लावायचा?

सातव्या दिवशी सकाळी आसराबाई धापा टाकत आली. "जल्दी कात्री द्या! धनगरवाड्यातली कडूबाई अडून बसली व्हती, आता सुटंल. नर्सबाई तिकडंच हायेत."

"विळा न्हाई का त्यांच्याकडं?" सोनूबाई म्हणाल्या.

आसराबाईने हयातभर विळाच चालवला होता. ती खाली बसली. "विळा लावू का पुन्हा? म्या लई लावला, सोनूबाई."

आतून खडखड आवाज आला. ओली बाळंतीण चतुराबाई उठून एकेक मडके खाली उतरवत होती.

"अगं, आज सातवा दिवस हाय!" सासू ओरडली.

"ठावं हाय, आत्याबाई. माझी दोन ह्याच दिवशी गेली. तिचं कशाला जाऊ द्यायचं?"

तिने मला बाहेर काढले. मला आसराबाईच्या ओटीत टाकून ती बाळाजवळ जाऊन बसली.

धनगरवाड्यात आधी माझी हळद घासून धुतली आणि मग मला उकळले. कडूबाईला मुलगी झाली. मी मात्र सारा वेळ त्या दुसऱ्या घराकडे कान लावून होते. संध्याकाळी आसराबाई तिकडे डोकावून आली आणि दारातूनच ओरडली, "द्वारकाबाई, चुटूचुटू दूध पिऊन राह्यलंय!" आठवा दिवस गेला, दहावा गेला, कडूबाईच्या मुलीचाही सातवा सरला. दोन्ही बाळे टुणटुणीत!

सोनूबाईंनी नातवाचे नाव सांडू ठरवले होते. ज्यांची लेकरे जगत नसत, ते अशी टाकून दिल्यासारखी, कडवट नावे ठेवत, म्हणजे मरणाची नजर तिकडे जात नाही. कडूबाईचे नावही तसेच पडलेले. पण बारशाला चतुराबाईने पाळण्याची दोरी धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "धर्मराज!" सोनूबाई पाळण्याला झोका देऊ लागल्या.

तेव्हापासून पाचवीची ताटेच दवाखान्यात येऊ लागली. बायका मला हळदकुंकू लावत, ते बोटभर घरी नेऊन बाळाच्या उशाशी ठेवत. लेकरे जगतात म्हटल्यावर दूरदूरच्या गाड्या दारात उभ्या राहू लागल्या. अठ्ठेचाळीस साली निजामाचे राज्य गेले, त्या धामधुमीत दवाखान्याला दोन महिने कुलूप होते, तर आसराबाईने मला आणि भांड्याला आपल्या घरी नेले आणि सात बाळे सुखरूप जगात आणली.

आता माझा खिळा ढिला झाला आहे. नवी कात्री आली आहे, माझ्यासारखीच तोऱ्यात. मित्रांनो, कोणी मायेने दिलेली वस्तू कपाटात चकाकत ठेवू नका. ती वापरा, जपा. पूजाही करा हवी तर, पण हळदीच्या आधी उकळते पाणी!

परवा द्वारकाबाई जन्माची वही चाळत होत्या. थांबून म्हणाल्या, "आसराबाई, किती वर्षं झाली, ह्यात एकही सांडू न्हाई."

आसराबाई माझी पाती पुसत होती. "कशाला आसंल?" ती म्हणाली. "आता कुणी भीतच न्हाई."