बाबांनी दाखवलेली जागा

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘बुडबुडाबाई’ म्हणायचे. पाण्याचा नमुना काचेच्या कुपीत काठोकाठ भरायचा, झाकण लावून कुपी उलटी करायची, आणि आत मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी ओतून देऊन पुन्हा भरायचं, हा तिचा खाक्या. “आपण ज्याला धरायला निघालोय तो हवेत पळणारा आहे,” ती नव्या लोकांना बजावायची. “त्याला पळायला वाटच ठेवायची नाही.”

एका जुन्या गल्लीत पाळणाघर निघणार होतं. चालवणारी बाई निवृत्त नर्स. परवान्यासाठी बोअरचं पाणी तपासून हवं होतं. तपासणीत व्हिनाइल क्लोराइड हे घातक रसायन निघालं, तेही मर्यादेच्या नऊपट. बुडबुडाबाईने स्वतः जाऊन पुन्हा नमुने घेतले. आकडा तोच. मग तिने आजूबाजूच्या सहा घरांतलं पाणी तपासलं. गल्लीच्या एका टोकाकडे जावं तसा आकडा चढत होता, आणि त्या टोकाला एक बंद पडलेलं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं.

ते तिच्या वडिलांचं.

तिला आता काही शोधायचं राहिलं नव्हतं. कपडे धुवायचं रसायन जमिनीत मुरतं, खोल जातं. तिथे हवा नसते. मातीतले जंतू ते वर्षानुवर्षं तोडत बसतात आणि तोडता तोडता त्याचं व्हिनाइल क्लोराइड होतं. ती सरळ साहेबांकडे गेली. “दुकान माझ्या वडिलांचं आहे. काम मी करते, पण अहवालावर सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या.”

संध्याकाळी ती माहेरी पोचली तेव्हा बाबा शर्टाला इस्त्री करत होते. अठ्ठ्याहत्तरी उलटली तरी कॉलरची घडी दुसऱ्या कुणाला जमत नाही, अशी त्यांची खात्री होती. भाऊही घरीच होता.

“बाबा, मशीनमधलं वापरलेलं रसायन कुठे टाकायचात?”

“मागच्या दारी, मातीत. विकणाऱ्याच्या माहितीपत्रकातच होतं तसं. कोरड्या जमिनीवर ओता, उडून जाईल.”

“सगळं नाही उडालं. खाली उतरलं. आता बोअरमध्ये आलंय.”

भाऊ ताडकन उठला. “बाबांना कशाला मधे ओढतेस? झाकली मूठ सव्वा लाखाची! लिही ना, कुठून आलं ते माहीत नाही म्हणून.”

“आणि खणायचं कुठे? मूठ झाकून ठेवली तर ते कोण सांगणार?”

बाबांनी इस्त्री उभी केली. “काय होतं त्या पाण्याने?”

“आज प्यायलं तर काही कळणारही नाही. ना चव, ना वास. पण वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताला इजा होते, यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. लहान मुलांना जास्तच.”

“उकळून प्यायलं तर?”

“मग ते वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतं. तोंडाने नाही तर नाकाने.”

बाबांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. मग म्हणाले, “गल्लीतल्या लोकांना सांगायला बैठक घेणार असाल ना? कधी आहे?”

बैठक पाळणाघराच्या रिकाम्या खोलीत भरली. नव्या रंगाचा वास होता आणि बसायला मुलांच्या बुटक्या खुर्च्या. अहवाल वाचून झाला तसा गल्लीतला वेल्डर उसळला, “माझी पोरगी याच पाण्यावर वाढलीय! कुणी केलं हे?”

बाबा काठी टेकत उठले. “ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. मी केलं. बावीस वर्षं मीच ओतत होतो. असं होईल हे ठाऊक नव्हतं, पण ओतलं मीच. चला, जागा दाखवतो.”

सगळे त्यांच्यामागे दुकानाच्या परसात गेले. त्यांनी काठीने दोन जागा दाखवल्या. एक भिंतीलगत, दुसरी गटाराच्या कडेला. वेल्डर दात-ओठ खात म्हणाला, “माझ्या लग्नाचा कोटही इथेच धुतला होतात.” बाबांनी मान खाली घातली नाही. “हो. तपकिरी होता.”

यंत्राने नेमकं तिथेच खणलं आणि चार मीटरवर मूळ सापडलं. नाहीतर शोधण्यातच वर्ष गेलं असतं. बोअर बंद झाले, टँकर सुरू झाले, दहा आठवड्यांत नळाची लाइन आली. जमिनीखालच्या पाण्यात हवा सोडून ते रसायन बाहेर काढायचं काम अजून चालू आहे. सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. वेल्डरच्या मुलीचा अहवाल चांगला आला. दोघांच्या यकृतात थोडी गडबड निघाली, त्यातले एक बाबा. दर सहा महिन्यांनी दोघांना दवाखान्यात जावं लागतं. वेल्डर बाबांशी बरेच महिने बोलला नाही. अजूनही बेताचंच बोलतो. पाळणाघर उशिरा उघडलं, पण उघडलं.

बाबांनी मात्र जुनी वही काढली. धंद्यातल्या अकरा जणांचे नंबर होते. तिघांनी फोन आपटला, दोघे हयात नव्हते. एकाला कमी ऐकू यायचं, म्हणून बाबा फोनवर ओरडून विचारत होते, “अरे, तू मागच्या दारी काय ओतायचास? आठव नीट! माझी मुलगी येतेय, तिला जागा दाखव.”

बुडबुडाबाईने पत्ता लिहून घेतला.